आमची एक मेंढी, तुमच्या चार

कोक-झार
२२ एप्रिल २००८

आदरणीय येरदौलेत जेझ्दे,

सलाम. सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. ती आपल्या अल्माटीच्या कचेरीतल्या वरिष्ठांपर्यंत पोचवावी, आणि त्यांनी दाद दिली नाही तर आणखी वर न्यावी. आपण पाठवलेल्या फॉर्मातला नऊ नंबरचा रकाना माझ्या करंगळीच्या नखाएवढा आहे. मी नख ठेवून पाहिलं. नखच थोडं मोठं भरलं. ह्या रकान्यात 'जनावरांच्या शेणाचं पुढे काय होतं' हे लिहायचं आहे. जेझ्दे, ह्या विषयावर आमच्या गावातला कुठलाही माणूस पाऊण तास बोलतो, मध्ये चहा आला तर दीड. ते सगळं नखात मावेना. मग समासात लिहिलं, समास संपल्यावर पाठीमागे लिहिलं, आणि थंडीत शाई वाळेना म्हणून छप्पन्न घरांचे छप्पन्न फॉर्म शेगडीभोवती पसरून ठेवले. शेजारीण डोकावली, तिला वाटलं मी घरात नोटा छापते.

बाकी काम चोख. गावची पशुनोंदणीची कारकून म्हणून मी दारोदार फिरले. मेंढ्या किती, वाड्यात हिवाळाभर तुडवून बसलेला लेंड्यांचा थर किती जाड, मे महिन्यात त्याच्या शेणवड्या किती पाडता, वाळवून रचलेला हुडवा किती उंच. लोकांनी सांगितलं तसं उतरवलं. आकडे बघून तुमच्याकडच्या टायवाल्यांची छाती दडपेल. आमच्याकडे मुलगी बघायला आलेले लोक आधी हुडवा बघतात, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या बहिणीला बघायला आलात तेव्हा तुमच्या काकांनी आमच्या हुडव्याभोवती दोन फेऱ्या मारल्या होत्या, आणि मगच ते घोड्यावरून उतरले.

फक्त शेजारच्या चार्गिन आबांनी थर 'एक वीत' सांगितला. सत्तरी उलटलेला माणूस, घरात तो आणि म्हातारी बेगायिम, बारा मेंढ्या. बाकीचे हसले. मला बघवेना. मी 'दोन हात' लिहिलं. अब्रू नखाएवढ्या रकान्यातली का असेना, राखावी.

फोन टेकडीवर लागतो, पण तिथे निम्मे शब्द वारा खातो. म्हणून मुकाय ड्रायव्हरच्या हातून हे पत्र. कान्यशाय एजेला सांगा, तिची धाकटी बहीण विधवा झाली तरी तिची जीभ अजून सौभाग्यवती आहे.

तुमची मेहुणी,
सायकाल


अल्माटी
३० मे २००८

प्रिय बाल्दीझ सायकाल,

तक्रार मिळाली आणि वरिष्ठांपर्यंत पोचवली. नऊ नंबरचा रकाना मीच आखला होता, त्यामुळे फार वर चढावं लागलं नाही.

आता कामाचं. आमचा प्रकल्प आमच्या आणि तुमच्या, अशा दोन देशांची तुलना करतो आहे: जनावरांचं शेण ज्या रीतीनं ठेवलं जातं, त्यातून कुठल्या देशात मिथेन वायू किती उठतो. शेण उघड्या माळावर पडलं आणि वाळलं, तर वायू जवळजवळ नाहीच. तेच दाट, ओलं, दाबलेलं, वारा न लागता महिनोन्महिने पडून राहिलं की आतून वायू धरतं. आमची स्तेपमधली मेंढी वर्षभर माळावर हिंडते. तुमची हिवाळाभर वाड्यात उभी राहून स्वतःच्याच लेंड्या तुडवते. इथवर मला पटतं. पण हिशेब मांडला तर तुमची एक मेंढी आमच्या चार मेंढ्यांना भारी निघाली. तीनदा मांडला. तुझ्या आकड्यांप्रमाणे कोक-झारची मेंढी रोज आपल्या वजनाच्या पाव हिश्शाएवढ्या लेंड्या टाकते. कचेरीत एकानं विचारलं, ही बया खाते तरी कधी?

सोबत एक चिठ्ठी आहे. आकडे खरे असतील तर सही करून पाठव. नसतील तर तसं कळव, मी बदलून घेईन. मात्र एक गोष्ट कानावर घालतो. ज्या देशाचा आकडा मोठा, तिथल्या एका गावात नमुन्याचा गॅस-घुमट बांधून मिळणार आहे. खड्ड्यात शेण टाकायचं, वर घुमट, आणि नळीनं घराघरांत गॅस. दोन देशांत मिळून एकच.

तू शहाणी आहेस.

येरदौलेत


कोक-झार
१४ जून २००८

जेझ्दे,

शहाणी म्हणालात, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काहीतरी करून घ्यायचं आहे.

तर ऐका खरं. मेंढ्या विचारल्या की आमच्या माणसाला कुरणपट्टी आठवते. घरात साठ असतील तर तो वीस सांगतो. आणि शेण विचारलं की त्याला अब्रू आठवते. थर गुडघ्याएवढा असेल तर कमरेएवढा सांगतो. म्हणजे मेंढ्यांबद्दल खाली खोटं, शेणाबद्दल वर खोटं. तुम्ही कचेरीत बसून वरच्या खोट्याला खालच्या खोट्यानं भागलंत. उत्तर चारच आलं ह्याचं मला नवल वाटतं.

तुमची चिठ्ठी मी गावच्या बैठकीत वाचून दाखवली. गॅसचं नाव निघालं आणि सगळे पुढे सरकून बसले. मग एक जण म्हणाला, "सायकाल, खरा आकडा दिलास तर काय मिळेल?" मी म्हटलं, मागच्या पाच वर्षांची कुरणपट्टी, दंडासकट. "आणि खोटा दिलास तर?" मी म्हटलं, नळीनं गॅस. त्यानंतर चर्चेला फारसा विषय उरला नाही. चार्गिन आबा तेवढे उठून गेले. जाताना म्हणाले, "मी एक वीत सांगितलं होतं." कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

सही केली आहे. चिठ्ठी ठेवा, हे पत्र फाडा.

तिलेक मॉस्कोला गेला, इमारतींच्या कामावर. लग्नाला आठ महिने झाले होते. सून आयझिरेक माझ्याजवळच आहे आणि सकाळी चहाच्या वासानं तोंड फिरवते. एजेला सांगा. ती समजेल.

सायकाल


अल्माटी
९ ऑगस्ट २००८

प्रिय सायकाल,

अभिनंदन. घुमट कोक-झारला मंजूर झाला. तुझ्या पत्रातला विनोदी भाग मी विनोद म्हणून वाचला, आणि चिठ्ठी चिठ्ठी म्हणून नोंदवली.

नियम साधे आहेत. सप्टेंबरपासून वाडे दर आठवड्याला खरवडायचे, थर बसू द्यायचा नाही. खरवडलेलं सगळं खड्ड्यात. शिवाय पहिली भरती म्हणून यंदा पाडलेल्या शेणवड्याही भिजवून खड्ड्यात टाकायच्या आहेत, कारण रचलेला हुडवा म्हणजे कागदोपत्री साठवणच. घरटी सही घेऊन ठेव. स्थानिक जबाबदार व्यक्ती म्हणून मी तुझं नाव दिलं आहे. तुझ्यासारखी दुसरी कुठे मिळणार?

इकडे मला विभागप्रमुख केलं. अहवाल सगळ्यांना आवडला.

येरदौलेत

सायकाल, ह्यांचं पत्र पाकिटात घालता घालता लिहिते आहे. आयझिरेकची बातमी कळली, जीव सुखावला. जानेवारी म्हणजे कडाका. हुडवा सगळा देऊ नकोस. — कान्यशाय


कोक-झार
३ ऑक्टोबर २००८

जेझ्दे,

घुमट आला. काळा, रबरी, फुगलेला. आमच्या तालुक्याचे प्रमुख अकीमसाहेब शेजारी उभे राहिले तेव्हा फोटोग्राफरला दोघांना वेगळं दाखवायला कष्ट पडले. फीत कापली. घोडीचं दूध झालं, बकरं झालं, भाषण झालं. भाषणात अकीमसाहेब म्हणाले की आजवर आपल्या शेणानं फक्त धूर दिला, आता ते प्रकाश देईल. मुकाय ड्रायव्हर माझ्या कानाशी म्हणाला, "मत पण देतंय बघ."

पण खोटं कशाला बोलू, गॅस खरोखर आला. निळी ज्योत. आयझिरेकनं त्यावर पहिला चहा केला आणि आम्ही दोघी तो न पिता नुसत्या ज्योतीकडे बघत बसलो. हात काळे नाहीत, डोळ्यांत धूर नाही.

पंचावन्न घरांनी हुडवे दिले. ट्रक आले, आमची वर्षाची ऊब भरून घेऊन गेले, आणि ज्या वड्या आम्ही उन्हाळाभर उलट्यापालट्या करून वाळवल्या, त्या पाण्यात भिजवून खड्ड्यात ओतल्या. एजेची चिठ्ठी मी वाचली होती. पण जी बाई दारोदार सह्या घेते तिनं आपला अर्धा हुडवा मागे ठेवला तर बाकीचे ठेवणार नाहीत का? म्हणून माझा सर्वांत आधी दिला. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे नोंदवून ठेवा.

चार्गिन आबांनी सही दिली नाही. म्हणाले, "माझा एका वितीचा हुडवा तुमच्या खड्ड्याला काय पुरणार." त्यांचं नाव अकीमसाहेबांनी लाल शाईनं लिहिलं.

थंडीत खड्डा गारठू नये म्हणून त्याला गरम पाण्याची भट्टी लावली आहे, आणि भट्टीसाठी अठरा टन कोळसा. कोठाराच्या दाराला शिशाचं सील. सील माझ्या हातानं लावलं, वहीत सही माझी. पोत्याला हात लागला तर दोन वर्षं आत, असं अकीमसाहेब हसत हसत म्हणाले. ते हसतात तेव्हा खरं बोलतात.

सायकाल


कोक-झार
२५ नोव्हेंबर २००८

जेझ्दे,

आज तक्रार नाही, विनंती आहे. दोन्हींतला फरक मला ह्या आठवड्यात कळला.

घुमट सहा नोव्हेंबरला हवा जाऊन खाली बसला. आधी ज्योत पिवळी झाली, मग बोटाएवढी, मग गेली. भट्टी पेटवायची तर तिचा पंप विजेवर चालतो, आणि वीज दिवसातून दहा तास जाते, कधी चौदा. पंप नाही म्हणून भट्टी नाही, भट्टी नाही म्हणून खड्डा गोठला. अठरा टन कोळसा कोठारात आहे. शेणाला ऊब मिळावी म्हणून ठेवलेला. शेण आता दगड झालं आहे, त्याला ऊब नको. आम्हाला हवी आहे, पण आमचं नाव कागदावर नाही.

पंचावन्न घरांत जळण नाही. वाडे दर शनिवारी खरवडतो, म्हणजे पुढच्या वर्षीचंही नाही. नारीनहून कोळसा आणावा तर एका टनाला मोठी मेंढी द्यावी लागते, आणि आता ट्रकवालेही यायला राजी नाहीत. रात्री उणे अठ्ठावीस.

अकीमसाहेबांकडे गेले. त्यांनी बसवलं, चहा दिला. म्हणाले, "कोळसा प्रकल्पाचा. प्रकल्प अहवालावर उभा. अहवाल चुकीचा आहे असा कागद अल्माटीहून आणा, मी स्वतः सील तोडतो. नाहीतर तुमची सही आहे, तुम्ही तोडा." आणि हसले.

तर एवढंच करा. एक कागद. कोक-झारचे आकडे चुकीचे होते, मेंढ्या तिप्पट आहेत, थर एक वीत आहे, आणि शेण साठत नाही, जळतं. सगळं माझ्यावर ढकला. बाई अडाणी, बाई खोटारडी, हवं ते लिहा. आयझिरेकला सातवा संपत आला आहे. एकच खोली गरम ठेवायची आहे, जेझ्दे. एकच.

सायकाल


अल्माटी
१६ डिसेंबर २००८

प्रिय सायकाल,

पत्र वाचून वाईट वाटलं. वाटेत घाट बंद होता, त्यामुळे उशिरा मिळालं.

दुरुस्तीची एक रीत असते. आधी समितीपुढे टिपण, समिती बसते फेब्रुवारीत. तुझ्या सहीची चिठ्ठी फायलीत आहे, त्यामुळे प्रश्न थोडा नाजूक झाला आहे. तुझ्याच हिताचा विचार करून मी घाई करत नाही. एका गावाचा आकडा हलला की दोन देशांची तुलना हलते, आणि ती आता परदेशात छापून गेली आहे.

मुकायच्या हाती विजेचा हीटर पाठवतो आहे, चांगल्या कंपनीचा. लोकरीचे मोजे तुझ्या बहिणीकडून, बाळासाठी.

तिला मी तुमच्याकडची अवस्था जरा सौम्य करून सांगितली आहे. तिला रक्तदाबाचा त्रास आहे. तूही तिला लिहिताना जपून लिही.

धीर धर.

येरदौलेत


कोक-झार
१२ जानेवारी २००९

जेझ्दे,

हीटर मिळाला. आभारी आहे. त्याच्यावर मी टोपी वाळत घालते. तोही आमच्यासारखाच विजेची वाट बघत बसलेला असतो.

काय काय जाळलं ते लिहिते. तुम्हाला यादीची आवड आहे. कुंपण. कोंबड्यांचं खुराडं. तिलेकचं खोगीर, त्याला कळवलेलं नाही. आईचा संदूक, ज्यावर एजेचं रुखवत रचलं होतं. झाकण ठेवलं होतं, ते काल गेलं. तुमचे उरलेले कोरे फॉर्म. चौदा पानांचा फॉर्म पाव मिनिट जळतो. हा आकडा मी स्वतः मोजला आहे, खात्रीनं नोंदवा.

नारीनच्या इस्पितळाचा रस्ता बंद आहे. गावची नर्स येऊन गेली. म्हणाली, मूल कधीही येईल, खोली गरम ठेव. मी म्हटलं, बाई, हे औषध लिहून दे, कुठल्या दुकानात मिळतं तेही लिही. ती रडायला लागली. विशीतली पोर आहे. मग तिला समजावत बसले.

तीन दिवसांपूर्वी सकाळी अंगणात घसरगाडीचा आवाज आला. चार्गिन आबा. स्वतः ओढत आणलेली, वर शेणवड्या, नीट रचलेल्या, दोरीनं बांधलेल्या.

"मोजून घे. साठ आहेत."

"आबा, आणि तुम्हाला?"

"मागे दोनशे आहेत अजून. आम्ही दोन म्हातारी माणसं, आम्हाला लागतं काय."

"मे महिन्यात परत देईन."

"देशीलच. नाहीतर मी मागायला येईन, आणि मी मागायला आलो की चहा प्यायल्याशिवाय जात नाही, तुला माहीत आहे."

ज्या माणसाच्या अब्रूची मला एप्रिलमध्ये कीव आली होती, त्याच्या वड्यांवर माझं घर ऊब धरून आहे. दिवसाला चार जाळते. रोज चार म्हणजे साठ किती दिवस पुरतात ते तुम्ही काढा; तुमचा भागाकार चांगला आहे.

बहिणीला जपून लिही म्हणालात. मी तिला तीन पत्रं लिहिली आहेत, एकाचंही उत्तर नाही. जपून तुम्हीच राहा.

एक कागद, जेझ्दे. समिती नको, टिपण नको. मी कधी काही मागितलं नव्हतं.

सायकाल


अल्माटी
२९ जानेवारी २००९

सायकाल,

तुझी सगळी पत्रं माझ्या टेबलाच्या खणात होती. कान्यशायला लिहिलेलीसुद्धा. काल तिला चाकू हवा होता, पाकिटं फोडायचा. खण उघडला.

ती ओरडली नाही. सगळी पत्रं क्रमानं लावून जेवणाच्या टेबलावर मला वाचून दाखवली, पहिल्यापासून. संदुकाच्या झाकणापाशी थांबली, पाणी प्याली, पुढे वाचलं. शेवटी म्हणाली, "लिही. मी इथेच बसते." रात्रभर बसली होती.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. जूनमध्येच मला कळलं होतं, तू सरळ लिहिलं होतंस. आणि खोटं एकट्या तुमच्याकडचं नव्हतं. आमच्याकडे मेंढीमागे अनुदान मिळतं, म्हणून आमचा माणूस वीस मेंढ्यांच्या साठ सांगतो. शेणाचं त्याला कुणी विचारत नाही, म्हणून तो रकाना मी टेबलावर बसून भरला: 'माळावर पडतं.' हिवाळ्यात आमच्याही मेंढ्या वाड्यातच असतात. मी गेलो नाही बघायला. नीट मांडलं तर तुमची एक मेंढी आमच्या सव्वा मेंढीइतकी निघते, कदाचित तेवढीही नाही. चार हा आकडा दोन देशांच्या दोन उलट्या खोट्यांनी मिळून तयार केला, आणि त्यावर सही माझी आहे. त्याच्यावर मी विभागप्रमुख झालो.

सोबत कागद. आकडे चुकीचे, चूक माझी, वाडे खरवडणं बंद, कोळसा गावाच्या वापरासाठी मोकळा. शिक्का आहे. समितीला विचारलेलं नाही. उद्या मला खुर्ची रिकामी करावी लागेल, त्याची काळजी करू नकोस.

मुकायला दुप्पट भाडं दिलं आहे. घाट उघडेल त्या क्षणी तो निघेल.

मूल झालं का? माफ कर, हे मी सर्वांत आधी विचारायला हवं होतं.

येरदौलेत


कोक-झार
२४ मे २००९

जेझ्दे,

उत्तराला चार महिने लागले. रस्ता मार्चमध्येच पुरता मोकळा झाला होता. मी नव्हते.

मूल एकोणीस जानेवारीला झालं. मुलगी. दोन किलोपेक्षा कमी. शेवटच्या वड्या चोवीस तारखेला संपल्या. मग मी सहा मेंढ्या खोलीत घेतल्या. मेंढीच्या अंगाला किती ऊब असते ते तुमच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. एका बाजूला आयझिरेक आणि बाळ, दुसऱ्या बाजूला मेंढ्या, मध्ये मी. तुमचा सगळा मिथेन आम्ही नाकानं मोजला. आठ रात्री.

एक फेब्रुवारीला सकाळी बेगायिम आजी दारात उभ्या होत्या. अंगावर आबांचा कोट. म्हणाल्या, "सायकाल, हे उठत नाहीयेत."

त्यांच्या शेगडीत राखसुद्धा नव्हती. झाडून, पुसून ठेवलेली. परसात गेले. मागे दोनशे नव्हत्या. मागे काहीच नव्हतं, बर्फात हुडव्याच्या जागेचा चौकोन तेवढा होता. अख्ख्या गावात शेणाचा खरा आकडा सांगणारा एकच माणूस. तो आयुष्यात एकदा वर खोटं बोलला, माझ्या अंगणात उभा राहून, आणि मी विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता. घरं दोन कुंपणं लांब. नऊ तारखेनंतर मी एकदाही त्यांच्या परसात डोकावले नाही.

मी घरी आले, पक्कड घेतली, कोठारापाशी गेले आणि सील तोडलं. वेळ किती लागला म्हणाल तर फॉर्म जळायला लागतो त्याहून कमी. पहारेकऱ्यानं पाठ फिरवली. मी पहिलं घमेलं भरलं. ते आबांना अंघोळ घालायच्या पाण्याखाली गेलं. मग लोक पोती घेऊन आले.

घाट एक दिवस उघडला तेव्हा, आठ फेब्रुवारीला, तुमचा कागद पोचला. त्याच्यावर एकोणतीस जानेवारीची तारीख होती, म्हणून अकीमसाहेबांना मला आत टाकता आलं नाही. त्यांनी चहा दिला. मी प्याले नाही. तेव्हा तुमच्या कागदानं मला वाचवलं, हे खरं आहे आणि ते मी लिहून देते.

पण माझा एक हिशेब आहे, तो तुमच्या कुठल्याही कागदानं सुटत नाही. जे सील मी एक फेब्रुवारीला तोडलं, ते एक जानेवारीलाही तुटलं असतं. पक्कड तीच होती. दोन वर्षांच्या कैदेला मी भीत होते, सुनेचं कोण बघेल म्हणत होते, आणि तुमच्याकडे कागद मागत होते. कागद मागत बसणं हे काहीतरी करण्यासारखं दिसतं. तुम्ही माफी मागितलीत. ती मी ठेवून घेतली आहे. माझी मी कुणाकडे मागू, ते अजून ठरलेलं नाही.

एजे एप्रिलपासून इथेच आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. तुमच्याबद्दल विचारत नाही, पण तुमचं पत्र आलं की दिव्याजवळ जाऊन बसते. जुलैमध्ये या. कोट घेऊन या.

मुलीचं नाव आयझिरेकनं चोल्पोन ठेवलं. चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाण्यानं तिला न्हाऊ घातलं. पाणी कोळशावर तापवलं होतं. ती रडली नाही. तिला बहुतेक ऊन पाणी काय असतं ह्याचंच आश्चर्य वाटलं.

परवा वाड्यात कुदळ घातली. खरवडणं थांबल्यापासून जेवढा बसला तेवढाच थर, सगळ्या गावाचा सारखा. मुलगी बघायला कुणी आलं तर यंदा घोड्यावरूनच परत जाईल. मी आणि एजेनं वड्या पाडल्या, उभ्या केल्या, उन्हाला लावल्या. वारा चांगला होता, लवकर वाळल्या.

आज सकाळी हातगाडीवर साठ घातल्या आणि आबांच्या परसात नेल्या. चौकोन अजून दिसतो, तिथे गवत उशिरा येतं. ते रचायचे तशाच रचल्या, कापलेली बाजू बाहेर, मधे वाऱ्याला बोटभर फट. रचून झाल्यावर गाडीत एक उरलेली दिसली; येताना चुकून एक जास्त घातली असणार. तीही ठेवावी असं वाटलं. मग ती भेट झाली असती. परत गाडीत टाकली.

बेगायिम आजी गोठ्यात होत्या, दुधाच्या धारांचा आवाज येत होता. मी हाक मारली नाही. फाटक लोटून घेतलं आणि गाडी घेऊन घरी आले.

सायकाल